थंडी परतली त्या संध्याकाळी

प्रश्न

ताई, नमस्कार.

हे पत्र रोपांबद्दल आहे, चिमण्यांबद्दल आहे की माणसांबद्दल, ते माझं मलाच नीट कळत नाहीये. घरात मी, नवरा, सासरे (त्यांना आम्ही अण्णा म्हणतो), दहा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. घरामागे चार वाफे मावतील एवढं अंगण. यंदा हिवाळा सरता सरता आठवडाभर इतकं छान ऊन पडलं, की नवऱ्याने खिडकीत वाढवलेली सगळी रोपं एका सुट्टीच्या दिवशी वाफ्यात लावून टाकली. अण्णा म्हणत होते, "थांब जरा." तो म्हणाला, "फोनवर बघितलंय, रात्रीही तीन-चार अंशांच्या खाली जाणार नाही." चौथ्या रात्री थंडी परतली. सकाळी निम्म्याहून जास्त रोपं काळी पडून माना टाकून बसली होती. मुलीने प्रत्येक रोपाला नाव दिलं होतं. ती त्या दिवशी शाळेत गेली नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "मी सांगितलं होतं." त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून बापलेक कामापुरतं बोलतात, तेही माझ्यामार्फत.

त्यात छपराच्या कडेखाली चिमण्यांनी घरटं केलंय. पन्हळ गळते, ती बदलायला माणूस ठरवलाय. मुलगी म्हणते, घरट्याला हात लावलात तर मी जेवणार नाही. कालच्या वादळात एक पिल्लू खाली पडलं, ते सध्या बुटांच्या खोक्यात आहे. धाकट्याला रोज शिंका, डोळे खाजतात. अण्णा म्हणतात गारठ्याने, नवरा म्हणतो फुलांनी, कुंपणावरचा वेलच काढून टाकू. हवा दिवसातून तीनदा बदलते आणि तिच्याबरोबर घरातल्यांचे चेहरे. खरं सांगू का, त्या संध्याकाळी दोरीवरचे कपडे आत आणताना मला बोटांना गार लागलं होतं. पण उगाच कशाला, म्हणून बोलले नाही.

घर हवामान बघून चालवायचं की माणसं बघून?

तुमची,
मधल्या खोलीतली

उत्तर

प्रिय मधल्या खोलीतली,

सदर छापून येईपर्यंत खोक्यातलं पिल्लू थांबणार नव्हतं, म्हणून त्याच्याबद्दल चार ओळी तुम्हाला आधीच कळवल्या होत्या. पण हा प्रश्न वादळ झालं की दर वर्षी कुणाकडून तरी येतो. तेव्हा बाकीच्यांसाठी ते इथेही लिहिते, म्हणजे पुढच्या वादळाला बुटांची खोकी तरी वाचतील.

पिल्लू पडलेलं दिसलं की आधी ते उचलायचं नाही, बघायचं. अंगावर पिसं नाहीत किंवा नुसत्या काड्यांसारखी खुंटं आहेत, डोळे मिटलेले आहेत, तर ते खरोखरच घरट्यातून पडलंय. गार पडलं असेल तर दोन्ही तळव्यांत धरून ऊब द्यायची आणि घरट्यात परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खोटी आहे. इतकी मेहनत घेतलेलं पिल्लू एवढ्यावरून कोण टाकेल? घरटं हाताला येत नसेल किंवा वादळाने मोडलं असेल, तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली त्याच जागेजवळ बांधायची, आत वाळलेलं गवत, त्यात पिल्लू. मग लांब जाऊन, दिसणार नाही असं उभं राहायचं. बहुतेक वेळा आई-बाप हाकेने ओळखून तिथे येतात.

पण पिसं आलेली आहेत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, उडायला मात्र जमत नाही, असं असेल तर ते पडलेलं नाही. ते निघालंय. घरट्याबाहेरचे पहिले काही दिवस पिल्लं जमिनीवर आणि झुडपांत काढतात, आई-बाप तिथे येऊन भरवतात. त्याला खोक्यात घालणं म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाला फाटकातून उचलून आपल्या घरी नेण्यासारखं. उचलायचंच असेल तर जवळच्या दाट झुडपात ठेवा आणि मांजर घरात कोंडा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पाव तर नकोच. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्याच भरवते. वाढत्या अंगाला तेच लागतं. म्हणूनच थंडी आणि पाऊस परतला की घरट्यात उपास पडतो. किडे बाहेरच निघत नाहीत. या दिवसांत अंगणात कीटकनाशक फवारायचा मोह कुणाला झाला, तर त्याला हे सांगा. पिल्लू जखमी असेल तरच जवळच्या वन्यजीव उपचार केंद्रात न्यायचं.

तुमचं पिल्लू पिसं फुटलेलं होतं असं तुम्ही नंतर कळवलंत. मुलीने ते झुडपात ठेवलं, आणि अर्ध्या तासात चिमणा चोचीत काहीतरी घेऊन आला. तो पाहून तुमच्या घरातली तीन माणसं पहिल्यांदाच एका खिडकीशी उभी राहिली. तुम्ही हे जाता जाता, ओळीच्या शेवटी लिहिलंयत. मी ते दोनदा वाचलं.

आता पन्हळ. माझं मत ऐकून तुमचे यजमान वैतागतील, पण काम पुढे ढकला. चिमणीची अंडी साधारण बारा-तेरा दिवसांत फुटतात आणि पिल्लं पुढच्या दोन आठवड्यांच्या आसपास उडून जातात. म्हणजे पहिलं अंडं घातल्यापासून घरटं रिकामं होईपर्यंत साधारण महिनाभराचा मामला. तुमच्याकडे एक पिल्लू पिसांसकट बाहेर पडलंय, म्हणजे राहिलेली भावंडंही दोन-चार दिवसांत निघतील. मात्र गाफील राहू नका. चिमण्या एकाच घरट्यात एका हंगामात दोन-तीनदा पिल्लं काढतात आणि मधली सुट्टी फार थोड्या दिवसांची असते. शेवटचं पिल्लू गेलं, एक-दोन दिवस घरट्यात येणं-जाणं थांबलं, आत अंडी नाहीत हे शिडीवर चढून डोळ्यांनी बघितलं, की त्याच दिवशी त्या माणसाला बोलवा. अनेक देशांत वापरात असलेल्या घरट्याला हात लावणं कायद्यानेही गुन्हा आहे, पण कायद्याचं नंतर. घरात दहा वर्षांची पोर बघत असताना घरटं खाली काढलंत, तर ती पन्हळ पुढची वीस वर्षं गळत राहील.

हे मी उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाही. एका वसंतात मी स्वतः खिडकीवर आलेला वेल छाटला, वाढलाय फार म्हणून. शेवटच्या फांदीबरोबर घरटं खाली आलं, आत चार अंडी. तो पक्षी दोन दिवस त्या मोकळ्या तारेवर येऊन बसत होता. माझ्या आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. छाटणीआधी वेलात हात घालून बघायची सवय मला तेव्हापासूनची.

धाकट्याच्या शिंकांबद्दल थोडक्यात. अण्णांचंही सगळं बरोबर नाही आणि यजमानांचंही. डोळे खाजतात, नाकातून पाण्यासारखं पातळ येतं, ताप नाही, आणि हे आठवडे चाललंय, तर परागांची ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त. पण त्यासाठी कुंपणावरचा वेल फाशी देऊ नका. रंगीत, वासाची फुलं कीटकांना बोलावण्यासाठी असतात. त्यांचे पराग जड आणि चिकट असतात, ते हवेत फारसे उडत नाहीत. त्रास देतात ते वाऱ्यावर भिस्त ठेवणारी झाडं आणि गवतं. त्यांची फुलं इतकी सामान्य, की ती फुललीत हेही आपल्या लक्षात येत नाही. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी त्रास वाढतो, संथ पाऊस लागून राहिला की उतरतो. गडगडाटी वादळ मात्र उलटं वागू शकतं. ओल्या हवेत परागकण फुटून बारीक कण होतात आणि ते थेट छातीत उतरतात. मेलबर्नला नोव्हेंबर २०१६ मध्ये, म्हणजे तिकडच्या वसंतात, अशाच एका संध्याकाळच्या वादळाने हजारो लोकांना दम्यासारखा त्रास झाला होता, आणि काहींचा त्यात जीवही गेला. घाबरवायला सांगत नाही. वादळ येताना मुलाला आत घ्या आणि खिडक्या लावा, एवढंच. आणि तुमची ती कपड्यांची दोरी! बाहेर वाळलेल्या उशीच्या अभ्र्यावर पराग बसतात आणि रात्रभर पोराच्या नाकाशी राहतात. त्याचे कपडे आणि अंथरूण महिनाभर आत वाळवा, बाहेरून आला की तोंड-हात धुवून कपडे बदला. श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज आला किंवा रात्री खोकल्याने जाग यायला लागली, तर सदरांतले सल्ले वाचत बसू नका. डॉक्टरांकडे जा.

आता मुद्द्याचं. त्या रात्री नेमकं काय झालं ते मला सांगू द्या, कारण तुमच्या घरात तीन आठवडे त्याचा खटला चाललाय आणि पुरावा कुणीच बघितलेला नाही.

यजमानांनी फोनवर तीन-चार अंश वाचले, ते बरोबर वाचले. पण हवामान खात्यांचे तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर बसवलेले असतात. तुमच्या मुलीची रोपं वीतभर उंचीची. आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर रात्री जमीन आपली ऊब सरळ आकाशात सोडून देते. ढग असते तर त्यांनी गोधडीसारखी थोडी धरून ठेवली असती. अशा रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी गार होते. वर तीन अंश आणि खाली पानावर गोठलेलं दंव, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. त्यात गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागी किंवा तिची वाट अडवणाऱ्या कुंपणाच्या पायथ्याशी साचते. तुमची जी रोपं वाचली, ती कुठल्या बाजूची होती ते बघा. माझी पैज आहे, जराशा उंचावरची किंवा घराच्या भिंतीला, म्हणजे दिवसभर तापलेल्या दगड-विटांना, चिकटून असलेली असतील.

दुसरं असं, की ती रोपं खिडकीत वाढली होती. अंगणातल्या झाडांचं गणित वेगळं असतं. थंड प्रदेशातली बरीच झाडं आधी थंडीचे तास मोजतात. ठरावीक शेकडो तास गारठ्यात काढल्याशिवाय त्यांच्या कळ्या जाग्याच होत नाहीत. तो कोटा पुरा झाला की मग ती ऊब मोजू लागतात. काही तर दिवस किती लांबलाय तेही बघतात, म्हणून आठवडाभराच्या उन्हाला भुलत नाहीत. ऊब अशी बेरजेने साठत जाते आणि त्यावर झाडाचं वेळापत्रक चालतं, हे रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३५ मध्येच मांडलं होतं. कॅलेंडर बघणारं झाड अजून कुणी पाहिलेलं नाही. खिडकीतल्या रोपांना मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी वारा खाल्ला नव्हता, कडक ऊन पाहिलं नव्हतं. अशा रोपांना बाहेर लावण्याआधी सात ते दहा दिवस सराव द्यावा लागतो. पहिल्या दिवशी तास-दोन तास सावलीत, मग हळूहळू वेळ वाढवत, रात्री पुन्हा आत. ते झालं नव्हतं. म्हणजे ती रात्र थोडी उबदार असती तरी काही रोपांनी मान टाकलीच असती.

आणि अण्णा? अण्णांनी "थांब" म्हटलं. का थांब, ते सांगितलं का? तुमच्या पत्रात तरी नाही. त्यांना माहीत होतं, यात मला शंका नाही. इतके वसंत बघितलेल्या माणसाला आभाळ कसं दिसतंय, वारा कधी पडला, शेजारच्या जुन्या झाडाला अजून पालवी का नाही, हे दिसतं. पण ते त्यांच्या डोळ्यांत राहिलं आणि तोंडातून फक्त हुकूम बाहेर पडला. चाळिशीच्या मुलाला बापाचा हुकूम ऐकला की त्याच्या उलट करावंसं वाटतं. हा काही वसंताचा दोष नाही, बारमाही आहे.

राहिलात तुम्ही. तुमच्या बोटांना गार लागलं होतं.

म्हणजे बघा, त्या संध्याकाळी तुमच्या घराला सगळं ठाऊक होतं. एकाला आकडा माहीत होता, एकाला आभाळ माहीत होतं, एकीच्या बोटांना कळलं होतं. रोपांवर जुन्या चादरी टाकायला दहा मिनिटं पुरली असती. सूर्य मावळायच्या आत, चादरीची कड जमिनीपर्यंत, म्हणजे मातीची ऊब आत राहते, आणि सकाळी ऊन आल्यावर काढून टाकायची. (प्लॅस्टिक पानांना टेकलं तर तिथेच गारठा पोहोचतो, तेव्हा कापडच.) माती आदल्या दिवशी ओलवून ठेवली असती तर आणखी बरं. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब धरते. तीन माणसांकडे तीन तुकडे होते आणि ते एका जागी आले नाहीत, म्हणून रोपं गेली. थंडीने गेली हे खरंच, पण थंडी काही चोरपावलांनी आली नव्हती.

तुम्ही बोलला नाहीत याबद्दल तुम्हाला दोषी धरायला हे लिहीत नाही. "उगाच कशाला" हे मी पण उभं आयुष्य म्हणत आले. घरात दोन पुरुष ताणलेले असले की मधल्या खोलीतल्या बाईला तोंड उघडणं म्हणजे बाजू घेणं वाटतं, आणि मग तिला गार लागलेलंही ती सांगत नाही. पण आता तीन आठवडे तुम्ही दोघांचे निरोप पोचवताय. त्याने शांतता राहते असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, त्यानेच अबोला सोयीचा झालाय. "अण्णांना सांग पन्हळवाला उद्या येतोय" असं तो म्हणाला, तर सांगू नका. भांडून नाही, साधेपणाने: "ते मागे अंगणात आहेत, तूच सांग." पहिले दोन दिवस दोघंही तुमच्यावर रागावतील. रागावू द्या. निदान त्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत तर होईल.

मग अण्णांना एक प्रश्न विचारा, आणि तो तुम्हीच विचारा, नवऱ्याला पुढे करू नका: "अण्णा, त्या दिवशी तुम्हाला कशावरून वाटलं?" "मी सांगितलं होतं" म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा कुणी हा प्रश्न विचारलेलाच नसतो. त्यांचं उत्तर मुलीला लिहून घेऊ द्या. दहा वर्षांच्या मुलीला वही आणि पद मिळालं की ती घरातल्या कुणाचीही उलटतपासणी घेऊ शकते.

ही वही मला माझ्या मनाने सुचलेली नाही. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाचा एक जमीनदार होता. त्याने १७३६ मध्ये आपल्या आवारातल्या वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. पहिलं फूल कधी, झाडांना पालवी कधी, बेडूक कधी ओरडले, पाकोळ्या कधी आल्या. तो गेला, पण वही थांबली नाही. मुलगा, नातू, पणतू, असं करत त्या घराण्याने हे १९५८ पर्यंत चालू ठेवलं. दोनशेवर वर्षं एकच कुटुंब, एकच अंगण आणि बेडूक पहिल्यांदा कधी ओरडला याची नोंद! त्या दोन शतकांत त्या घरातही बापलेकांचे अबोले झालेच असणार, आपल्याला ते माहीत नाहीत. बेडकांच्या तारखा माहीत आहेत. जपानमध्ये क्योटोला चेरीचा बहर कधी आला याच्या नोंदी तर नवव्या शतकापासून सापडतात. त्या शास्त्रज्ञांनी नव्हे, दरबारी लोकांनी आणि भिक्षूंनी आपापल्या रोजनिशीत सहज लिहिलेल्या. त्या नोंदी होत्या म्हणून २०२१ मध्ये २६ मार्चला पूर्ण बहर आला, तेव्हा गेल्या बाराशे वर्षांत इतक्या लवकर कधीच आला नव्हता हे सांगता आलं.

म्हणजे अण्णा जेव्हा म्हणतात ऋतू पूर्वीसारखे राहिले नाहीत, तेव्हा ते नुसती म्हाताऱ्याची कुरकुर करत नसतात. वसंत तसाही दोन हवांच्या भांडणातला ऋतू. ध्रुवाकडची थंड हवा अजून मागे हटलेली नसते, उष्ण प्रदेशाकडची गरम हवा पुढे सरकत असते, आणि त्यांची सीमा कधी तुमच्या घराच्या अलीकडे, कधी पलीकडे. म्हणून आज घाम आणि परवा शाल. आता सरासरीने ऊब लवकर येऊ लागलीय, कळ्या लवकर उमलतात, पण उशिराची एखादी थंड रात्र यायची काही थांबत नाही. लवकर जागं झालेलं झाड नेमकं तिच्या तावडीत सापडतं. नेदरलँड्समध्ये रामगंगा नावाच्या छोट्या पक्ष्याच्या जातभाईंवर वर्षानुवर्षं अभ्यास झालाय. तिथे ओकची पालवी आणि तिच्यावरच्या अळ्या लवकर येऊ लागल्या, पक्ष्यांची अंडी मात्र तितकी पुढे सरकली नाहीत. परिणामी पिल्लांची भूक शिगेला पोचते तोवर अळ्यांचा भर ओसरलेला असतो. अनुभवी पक्षीही चुकतायत म्हटल्यावर तुमचे यजमान एका सुट्टीच्या दिवशी चुकले, यात विशेष काय?

तरी त्यांनी एक गोष्ट करायची राहिलीय. मुलीला त्यांनी अजून "माझी घाई झाली" असं म्हटलेलं दिसत नाही. अण्णांना म्हणायची गरज नाही. तिला म्हणायला हवं. रोपांना नाव देणाऱ्या मुलीला "अगं, दुसरी आणू" हे बोलू नका. तिला दुसरी नको आहेत. मेलेली रोपं तिच्याबरोबर बसून, एकेक करून काढा. काढण्याआधी खोड नखाने हळूच खरवडायला सांगा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर ते रोप जिवंत आहे, बुडातून फुटेल. तपकिरी आणि कोरडं असेल तर गेलं. तीन आठवडे झालेत म्हणजे बहुतेकांचा निकाल लागलेला असणार, पण तो तिने स्वतः वाचला पाहिजे. एखादं निघेलही. मुळाशी बारीक हिरवा ठिपका घेऊन बसलेलं.

पुढची रोपं कधी लावायची, हा वाद यंदा पुन्हा होईल, तेव्हा तारखेवर भांडू नका. माती हातात घ्या. हवा चार दिवसांत तापते, जमिनीला वेळ लागतो. बोटभर खोल बोटं घालून ती मिनिटभर आत ठेवता येतात का, की गारठून बाहेर काढावी लागतात, ते बघा. अण्णांची खूण काय सांगते, फोन काय सांगतो, रात्री आभाळ मोकळं आहे का, वारा आहे का, हे संध्याकाळी अंगणात उभं राहून पाच मिनिटं बोला. पाचच. सहाव्या मिनिटाला जुनी भांडणं निघतात, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही विचारलंत, घर हवामान बघून चालवायचं की माणसं बघून. मला तर तुमच्या घरात माणसं बघायला हवामानानेच निमित्त दिलेलं दिसतंय, ते झुडपापाशी चिमणा आला तेव्हाचं. पण याचं उत्तर एका ओळीत द्यायला मी काही वेधशाळा नाही.

पन्हळवाल्याला आज फोन करून दिवस पुढचा घ्या. गळतीखाली तोवर बादली ठेवा. त्या पाण्याचा रोपांना उपयोग होईल. मुलीला वही आणून द्या, जाड पुठ्ठ्याची, कारण ती अंगणात भिजणार आहे. पहिलं पान अण्णांसाठी ठेवायचा तिचा बेत असेल, पण ते तुम्ही मागून घ्या. थंडी परतली ती तारीख तुमच्या लक्षात असेलच. ती लिहा आणि पुढे एवढंच लिहा: संध्याकाळी, दोरीवरचे कपडे आत आणताना, बोटांना गार लागलं.